पुस्तकातली पॅरोटिड: एका प्रकरणाचं परीक्षण



या ब्लॉगवर आपण बहुतेक वेळा एखादा रिसर्च पेपर घेऊन बसतो. आज पेपर नाही, पाठ्यपुस्तकातलं एक प्रकरण वाचायचंय: पॅरोटिड ग्रंथी आणि तिच्या आजूबाजूचा भाग. एमबीबीएसचं पहिलं वर्ष असो, डेंटल असो, की माझ्यासारखी एम.एस्सी. ॲनाटॉमी, हा प्रश्न हमखास येतो. नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात एएन २८.९ या क्रमांकाखाली ग्रंथीच्या कडा, पृष्ठभाग, आतले घटक, नळी आणि शस्त्रक्रियेतलं महत्त्व असं सगळं आहे, आणि लगेच एएन २८.१० खाली फ्रेचा सिंड्रोम. म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाने हे प्रकरण किमान दोनदा तरी पाठ केलेलं असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हे प्रकरण परीक्षेसाठी फार चांगलं लिहिलेलं असतं. पण संशोधनाला निघालेल्या माणसाने ते तसंच्या तसं डोक्यात ठेवलं तर अडचण होते. यातली काही वाक्यं शरीराबद्दल असतात, काही शल्यचिकित्सकांच्या सोयीबद्दल असतात, आणि काही नुसत्या परंपरेने चालत आलेली असतात. पुस्तक तिन्ही एकाच सुरात सांगतं. कुठलं वाक्य कुठल्या जातीचं आहे हे वाचणाऱ्यालाच ओळखावं लागतं. कुठल्या एका लेखकावर माझा राग नाही. वेगवेगळी पुस्तकं शेजारी ठेवली तर हा सूर सगळीकडे सारखाच ऐकू येतो.

आधी थोडक्यात उजळणी

पॅरोटिड म्हणजे कानाजवळची. ग्रीक शब्दाचा अर्थच तो. मराठी पुस्तकांत अनुकर्ण किंवा कर्णमूल ग्रंथी. तिन्ही मोठ्या लाळग्रंथींत ही सगळ्यात मोठी. कानासमोर आणि कानाखाली, खालच्या जबड्याची मागची कड आणि मॅस्टॉइड यांच्यामधल्या खोबणीत ती बसलेली असते. गालात पुढे सरकून मॅसेटर स्नायूवरही थोडी पसरते.

तिची नळी साधारण ५ सेंटिमीटर लांब. मॅसेटर ओलांडून ती बक्सिनेटर स्नायू भेदते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तोंडात उघडते. जिभेचं टोक तिथे फिरवलंत तर बारीकसा उंचवटा लागतो.

ग्रंथीतून तीन महत्त्वाच्या गोष्टी जातात. बाहेरून आत मोजलं तर फेशिअल नर्व्ह, रेट्रोमँडिब्युलर व्हेन आणि एक्स्टर्नल कॅरोटिड आर्टरी. फेशिअल नर्व्ह ग्रंथीतून जाते, पण ग्रंथीला लाळ सोडायला ती सांगत नाही, हे व्हायव्हात अडकवायचं आवडतं ठिकाण. लाळेचा हुकूम ग्लोसोफॅरिंजिअल नर्व्हकडून येतो. टिंपॅनिक शाखा, लेसर पेट्रोझल, ओटिक गँग्लिऑन आणि शेवटी ऑरिक्युलोटेंपोरल नर्व्ह असा त्याचा लांबचा रस्ता आहे. हा रस्ता लक्षात ठेवा, पुढे फ्रेच्या सिंड्रोमला लागेल.

आता परीक्षणाकडे.

पहिलं वाक्य: वजन

एका पुस्तकात पॅरोटिडचं वजन सुमारे १५ ग्रॅम, दुसऱ्यात सुमारे २५ ग्रॅम. ‘ग्रेज ॲनाटॉमी’च्या १९१८ सालच्या अमेरिकन आवृत्तीत १४ ते २८ ग्रॅम. या शेवटच्या आकड्यांकडे जरा नीट बघा. १४ आणि २८ असे विचित्र आकडे कुठून आले? एक औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम. म्हणजे ‘अर्धा ते एक औंस’ अशी ढोबळ समजूत ग्रॅममध्ये बदलून ठेवल्यासारखी दिसते. औंसमध्ये हे वाक्य अंदाज वाटतं, ग्रॅममध्ये तेच मोजमाप वाटायला लागतं.

ही क्षुल्लक गोष्ट आहे, मान्य. वजन चुकलं म्हणून कोणाचं ऑपरेशन बिघडत नाही. पण सवय इथेच लागते. किती ग्रंथी मोजल्या, कोणाच्या, ताज्या की फॉर्मॅलिनमधल्या, चरबीसकट की साफ करून, यातलं काहीही न विचारता आपण आकडा वहीत उतरवतो. मग हीच सवय घेऊन आपण फेशिअल नर्व्हपर्यंत पोचतो, आणि तिथे मात्र ती महागात पडते.

दुसरं वाक्य: ‘ग्रंथीला दोन लोब असतात’

सुपरफिशिअल लोब, डीप लोब, आणि दोन्हींच्या मध्ये सँडविचसारखी फेशिअल नर्व्ह. हे चित्र इतकं सुबक आहे की फळ्यावर अर्ध्या मिनिटात काढता येतं. सुबक चित्रावर शंका घ्यायला जड जातं, पण या चित्रामागे चांगला चाळीस वर्षांचा वाद आहे.

१९१७ मध्ये मॅकव्हॉर्टर यांनी ‘ॲनाटॉमिकल रेकॉर्ड’मध्ये लोब, नळ्या आणि नर्व्ह यांचं नातं मांडलं. दोन लोब आणि त्यांना जोडणारा पूल, असं त्याचं साधारण स्वरूप. १९४८ मध्ये मॅकेंझी यांनी ‘जर्नल ऑफ ॲनाटॉमी’त वेगळं चित्र दिलं. ग्रंथीचा भाग नर्व्हच्या शाखांमधून अनेक ठिकाणी आरपार जातो, एका पुलावर काम भागत नाही. जाळीच्या कुंपणात गुंतलेल्या वेलीची उपमा त्यांनी नर्व्हला दिली. १९५७ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक पाटे आणि त्यांचे सहकारी रेंजर यांनी शस्त्रक्रियेच्या बाजूने या रचनेची चर्चा केली. नर्व्ह आणि व्हेन ज्या पातळीत आहेत तिला ‘पाटेची पातळी’ म्हणायची पद्धत पुढे पडली.

गर्भातली वाढ पाहिली तर मॅकेंझींचं चित्र पटतं. ग्रंथी तोंडाच्या बाजूने उगवते आणि मागे कानाकडे वाढत जाते. वाटेत तिला नर्व्हच्या शाखा भेटतात. त्यांच्या वरून, खालून, मधून ती वाढते. दोन वेगळे तुकडे बनवून मध्ये नर्व्ह ठेवण्याची निसर्गाला काही गरज नव्हती. त्या पातळीत फॅशिआचा सलग पडदा नसतो. सर्जन नर्व्हचा धागा धरून पुढे जातो तेव्हा ही पातळी तयार होते.

मग ‘लोब’ हा शब्द टाकून द्यायचा का? नाही. डीप लोबची गाठ आत वाढत जाते तेव्हा टॉन्सिलच्या बाजूला फुगवटा दिसतो आणि कानाखाली फारसं काही हाताला लागत नाही. अशा वेळी ‘डीप’ हा शब्द डॉक्टरला योग्य जागी बघायला लावतो. शब्द कामाचा आहेच, माझी तक्रार त्याच्या ओळखपत्राबद्दल आहे. पुस्तकाने एवढंच लिहावं: ‘शस्त्रक्रियेच्या सोयीसाठी ग्रंथीचे दोन भाग मानतात.’ एक ‘मानतात’ घातलं की वाक्य प्रामाणिक होतं. सर्जन मंडळींनीच यातून पुढचा रस्ता काढलाय. २०१६ मध्ये युरोपियन सॅलिव्हरी ग्लँड सोसायटीने पॅरोटिडच्या शस्त्रक्रियांसाठी पाच पातळ्यांची विभागणी सुचवली. म्हणजे ‘सुपरफिशिअल लोब काढला’ एवढं न म्हणता नेमका कुठला भाग काढला हे लिहिता येतं. आपल्या प्रकरणाच्या आकृतीत मात्र अजून सँडविचच आहे.

तिसरं वाक्य: ‘पाच शाखा’

टेंपोरल, झायगोमॅटिक, बक्कल, मार्जिनल मँडिब्युलर, सर्व्हायकल. हाताची पाच बोटं गालावर ठेवून दाखवायच्या आणि पुढे जायचं. नावं बरोबर आहेत. गोंधळ चित्रात आहे: पाच वेगळ्या रेषा, एकमेकींना कुठेही न शिवणाऱ्या.

१९५६ मध्ये डेव्हिस, ॲन्सन, बुडिंगर आणि कुर्थ यांनी चेहरा-मानेच्या ३५० अर्ध्या बाजूंचं विच्छेदन मांडलं. शाखांच्या जोडण्यांवरून त्यांनी सहा प्रकार केले. प्रमाण असं: पहिला १३ टक्के, दुसरा २०, तिसरा २८, चौथा २४, पाचवा ९, सहावा ६. यातल्या फक्त पहिल्या प्रकारात शाखांमध्ये जोडण्या नव्हत्या. म्हणजे पुस्तकात छापलेलं चित्र त्या मालिकेत साधारण आठांपैकी एका बाजूत सापडलं. उरलेल्या सात बाजूंत कुठे ना कुठे नर्व्हला नर्व्ह जोडलेली होती, आणि सहाव्या प्रकारात तर जाळंच.

पुस्तकांत हे वर्गीकरण येत नाही असं नाही. काही मोठ्या पुस्तकांत येतं. पण मुख्य आकृती, जी पाठ होते, ती पहिल्या प्रकाराची. बाकीचं ‘व्हेरिएशन्स’ या उपशीर्षकाखाली, बारीक टायपात. आठातल्या एकाला ‘नॉर्मल’ आणि सातांना ‘व्हेरिएशन’ म्हणणं, हे संख्याशास्त्राच्या कुठल्या तासाला चालेल सांगा.

या जोडण्यांवर रुग्णाचं बरंच काही अवलंबून असतं. बक्कल शाखांच्या आपापसांत आणि शेजारणींशी भरपूर जोडण्या असतात, त्यामुळे एखादी बारीक शाखा तुटली तरी काम बऱ्यापैकी भागतं. मार्जिनल मँडिब्युलरला अशा जोडण्या फार कमी बाजूंत असतात. ती तुटली की खालचा ओठ त्या बाजूला खाली ओढला जात नाही, आणि हसताना तोंड वाकडं दिसतं. गालावर खोल जखम झाली तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून उभी रेघ कल्पून सर्जन ठरवतात की रेघेच्या पुढच्या बारीक शाखा सहसा शिवायची गरज नाही, मागच्या मात्र शोधायच्या. त्यातही घड्याळ चालू असतं. तुटलेल्या नर्व्हचं पुढचं टोक विजेच्या उत्तेजनाला साधारण ७२ तासच प्रतिसाद देतं, नंतर ते शोधणं अवघड होतं. चाकण-तळेगाव रस्त्यावर रोज दुचाकीवरून शिफ्टला जाणाऱ्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा परिच्छेद बारीक टायपात बघून वाईट वाटायला हवं.

मार्जिनल मँडिब्युलरबद्दल आणखी एक आकडा. १९६२ मध्ये डिंगमन आणि ग्रॅब यांनी १०० बाजू तपासल्या. फेशिअल आर्टरीच्या मागे ही शाखा ८१ टक्के बाजूंत जबड्याच्या खालच्या कडेच्या वर होती, १९ टक्क्यांत खाली, जास्तीत जास्त १ सेंटिमीटर. जबड्याखालचा छेद कडेपासून दोन बोटं खाली घ्या या नियमामागचं कारण याच १९ टक्क्यांत आहे. पुस्तक नियम देतं, १९ टक्के सांगत नाही. नियम पाठ केलेला मुलगा परीक्षेत पास होतो. कारण माहीत असलेला मुलगा मान मागे टाकलेल्या, सैल त्वचेच्या वयस्कर रुग्णासमोर जास्त सावध राहतो, कारण शवावर मोजलेली जागा टेबलावरच्या जिवंत मानेत तशीच राहील याची खात्री नसते.

याच जातीची गोष्ट ‘ट्रॅगल पॉइंटर’ची. फेशिअल नर्व्हचं मुख्य खोड कानासमोरच्या कूर्चेच्या टोकापासून साधारण १ सेंटिमीटर खोल आणि खाली असतं असं शिकवतात. पण कूर्चा ही हलणारी वस्तू, रिट्रॅक्टर ओढला की खूण सरकते. टिंपॅनोमॅस्टॉइड सुचर हाडात आहे, ती सरकत नाही, म्हणून बरेच सर्जन तिच्यावर जास्त भरवसा ठेवतात. पुस्तकातल्या यादीत दोन्ही खुणा शेजारी-शेजारी, सारख्याच वजनाने छापलेल्या.

निळ्या चौकटी

प्रकरणाच्या शेवटी ‘क्लिनिकल ॲनाटॉमी’च्या चौकटी असतात. सगळ्यात जास्त वाचला जाणारा आणि सगळ्यात घाईत लिहिलेला भाग हाच.

*गाठ.* समजा, कारखान्यात काम करणाऱ्या तिशीतल्या माणसाला कानाच्या पाळीखाली गाठ आहे. दुखत नाही, दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढलीय. लोक म्हणतात चरबीची असेल. लाळग्रंथींच्या गाठींबद्दल ८० टक्क्यांचा ढोबळ नियम सांगतात: साधारण ८० टक्के पॅरोटिडमध्ये, त्यातल्या साधारण ८० टक्के साध्या, आणि त्या साध्यांतही बहुसंख्य प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा. ‘साधी’ म्हणून ती वरवर सोलून काढली की फसगत होते. तिचं आवरण अपुरं असतं, गाठीची बोटं आवरणाबाहेर डोकावतात. नुसती सोलून काढलेल्या जुन्या मालिकांमध्ये ती परत येण्याचं प्रमाण २० ते ४५ टक्के सांगितलं जातं, भोवतालच्या ग्रंथीसकट काढली तर हे प्रमाण काही टक्क्यांवर येतं. परत आलेली गाठ बहुधा एकटी नसते, अनेक दाणे होतात, आणि दुसऱ्या वेळी व्रणातून नर्व्ह शोधावी लागते. म्हणून आधी सुईने तपासणी, मग नर्व्ह दिसत ठेवून शस्त्रक्रिया. झपाट्याने वाढ, दुखणं, त्वचेला चिकटणं किंवा चेहरा वाकडा होणं, यांपैकी काही दिसलं तर कॅन्सरची शंका.

बहुतेक चौकटींत यातलं गाठीचं नाव असतं, ‘सावकाश वाढते’ असतं. परत का येते हे क्वचितच असतं. ते ॲनाटॉमीचं नाही, पॅथॉलॉजीचं, असं म्हणता येईल. पण आवरण, ग्रंथी आणि नर्व्ह यांच्यातलं अंतर हा ॲनाटॉमीचा नाही तर कोणाचा विषय?

*फ्रेचा सिंड्रोम.* ही चौकट मला मनापासून आवडते, कारण इथे ॲनाटॉमी खरंच काहीतरी समजावते. शस्त्रक्रियेत किंवा जखमेत ऑरिक्युलोटेंपोरल नर्व्हच्या लाळ सोडायला सांगणाऱ्या धाग्यांची वाट तुटते. पुन्हा वाढताना ते चुकून त्वचेतल्या घामाच्या ग्रंथींकडे जातात. दोन्हीकडे संदेशवाहक रसायन एकच, ॲसिटिलकोलिन, म्हणून चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्रही तिथे वाचलं जातं. परिणाम: जेवताना गालाच्या एका पट्ट्यावर लाली आणि घाम. तिखट मिसळ खाताना सगळ्यांनाच घाम येतो, तो कपाळावर आणि दोन्ही बाजूंना. इथे तो एकाच बाजूला, ठरावीक जागी येतो, अगदी आंबट नुसतं समोर आलं तरी. आयोडिन आणि स्टार्च लावून तो पट्टा निळा-काळा दाखवता येतो.

पुस्तकात राहून जाते ती फ्रे कोण होती हे. लुचा फ्रे, पोलिश न्यूरॉलॉजिस्ट, जन्म १८८९. गोळी लागलेल्या एका सैनिकाच्या तपासणीवरून १९२३ मध्ये तिने कारण ऑरिक्युलोटेंपोरल नर्व्हशी जोडून दाखवलं. लक्षणाची नोंद तिच्याआधीही होती, फ्रान्सच्या बायार्झे यांनी १८५३ मध्ये केलेली. १९४२ मध्ये ल्वूवच्या घेट्टोत ती नाझींच्या हिंसेत मारली गेली. अभ्यासक्रमात तिच्या नावाला स्वतंत्र क्रमांक आहे, तिच्यासाठी एक ओळ नाही. नावांचा विषय निघालाच आहे तर स्टेनसेनच्या नळीबद्दलही ऐका. १६६० मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये बाविशीतल्या स्टेनसेनला मेंढीच्या डोक्याचं विच्छेदन करताना ती सापडली. तेव्हा तो ज्यांच्याकडे राहून शिकत होता त्या ब्लासियस यांनी शोध आपलाच म्हटलं, आणि त्यावरून मोठं भांडण झालं. गाइड आणि विद्यार्थी यांच्यात पहिलं नाव कोणाचं हा प्रश्न किती जुना आहे बघा.

*गालगुंड.* चौकटीत एक वाक्य ठरलेलं: आवरण घट्ट असल्याने सूज आली की दुखतं. ठीक. संवेदना ग्रेट ऑरिक्युलर नर्व्हकडून जाते हेही काही पुस्तकं सांगतात. पण पुण्यात बसून ही चौकट वाचताना आणखी काही दिसायला हवं. गोवर, गालगुंड आणि रुबेला अशा तिन्हींची एमएमआर लस हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आलेली लस मात्र एमआर आहे, म्हणजे गोवर आणि रुबेला. महाराष्ट्रात तिची मोठी मोहीम २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. गालगुंडाची लस बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या वेळापत्रकात आहे, म्हणजे खासगी दवाखान्यात पैसे देऊन. प्राधान्य कशाला द्यायचं याची सरकारी कारणं असतील, गोवराने मुलं दगावतात हे खरंच आहे. तरी वयात आलेल्या मुलग्यांत वृषणदाह आणि काहींत बहिरेपणा हे गालगुंडाचे परिणाम आहेत. चौकट जर ‘क्लिनिकल रेलेव्हन्स’ म्हणवते, तर रुग्ण कोण आणि त्याला लस मिळाली का, हाही रेलेव्हन्सच.

*गळू.* पॅरोटिडचं गळू हिल्टनच्या पद्धतीने, आडवा छेद घेऊन काढावं, असं आपण पाठ करतो. आडवा कशाला, तर नर्व्हच्या शाखांना समांतर राहायला. इतपत ठीक. पण गळू होतं कशाने? अंगातलं पाणी कमी होतं, लाळ आटते, आणि तोंडातले जंतू नळीतून उलटे वर चढतात. आजारी, म्हातारी, नीट खाता-पिता न येणारी माणसं याला बळी पडतात. अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड १८८१ मध्ये गोळी लागून अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनाही हे झालं होतं. पेनिसिलिनच्या आधीची ही भीती होती. तेच पेनिसिलिन भारतात बनवायला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती आपल्या पिंपरीत. इथल्या विद्यार्थ्याला हा धागा एका वाक्यात देता आला असता: आधी पाणी आणि प्रतिजैविक, छेद नंतर.

पुस्तकाची बाजू

एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही मांडायला हवी. पहिल्या वर्षाच्या मुलाला सहा प्रकार, पाच पातळ्या आणि चाळीस वर्षांचा वाद एकदम दिला तर तो ग्रंथी कुठे आहे हेच विसरेल. सोपं चित्र ही शिकण्याची पहिली पायरी आहे, आणि आपल्या भारतीय पाठ्यपुस्तकांनी ती पायरी फार चांगली बांधलीय. साधी रेषाकृती, जी परीक्षेत पाच मिनिटांत काढता येते, ही मोठी कामगिरी आहे. कमी पैशांत, गावाकडून आलेल्या, इंग्रजी जेमतेम असलेल्या मुलांना डॉक्टर बनवण्यात या आकृत्यांचा वाटा आहे. मी स्वतः त्याच आकृत्यांवर वाढलेय.

माझी मागणी फक्त पायरीला पायरी म्हणा एवढी आहे. आकृतीखाली ‘सोपी केलेली आकृती’ असे दोन-तीन शब्द आणि एखादा आकडा टाकायला पानभर जागा लागत नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आता कामाचं. पीएच.डी. किंवा एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी ‘फेशिअल नर्व्हचा शाखाविस्तार: शवविच्छेदनातील अभ्यास’ असा विषय घेणारे दरवर्षी भेटतात. विषय वाईट नाही. फक्त वरच्या परीक्षणातून निघणारे तीन प्रश्न आधी स्वतःला विचारा.

एक: तुमचा ‘एन’ नेमका कशाचा आहे? डेव्हिस यांचे ३५० हे अर्ध्या बाजू आहेत, ३५० माणसं नव्हेत. एकाच माणसाच्या उजव्या आणि डाव्या बाजू एकमेकींपासून स्वतंत्र धरता येत नाहीत. १५ शवांच्या ३० बाजू म्हणजे ३० स्वतंत्र निरीक्षणं नाहीत. विश्लेषणात हे सांभाळावं लागतं.

दोन: तुमचा आकडा किती पसरट आहे? समजा ३० बाजूंपैकी ४ बाजूंत पहिला प्रकार मिळाला. १३ टक्के, डेव्हिसशी तंतोतंत जुळलं! आनंद करण्याआधी ९५ टक्के विश्वासमर्यादा काढा. त्या ३० बाजू स्वतंत्र मानल्या तरी ती साधारण ५ ते ३० टक्के येते. या आकड्यावरून ‘भारतीय लोकसंख्येत प्रमाण पाश्चात्त्यांसारखंच आहे’ असंही म्हणता येत नाही आणि ‘वेगळं आहे’ असंही नाही. असे निष्कर्ष छापून येतात, म्हणून सांगते.

तीन: ही शवं कोणाची? महाराष्ट्रात १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याखाली बेवारस देह आणि देहदानातून आलेले देह महाविद्यालयांना मिळतात. देहदान करणारे बहुतेक वयस्कर असतात. म्हणजे तुमचा नमुना हा ना पिंपरी-चिंचवडचा नमुना, ना भारताचा. तो ज्याचा आहे त्याचाच आहे, आणि प्रबंधात तसं लिहायला लाज वाटू देऊ नका. परीक्षक उलट खूश होतात.

चौथी गोष्ट, प्रश्न नव्हे, सूचना. शवच हवं असं नाही. आपल्या पट्ट्यात महापालिकेचं वायसीएम आहे, पिंपरीतच वैद्यकीय महाविद्यालय आहे, कामगारांसाठी ईएसआयचं रुग्णालय आहे. नैतिक समितीची परवानगी घेऊन शस्त्रक्रियेच्या नोंदींवर बरंच काम होऊ शकतं: गाठ किती वर्षं अंगावर काढली, आधी कुठे सोलून काढली होती का, शस्त्रक्रियेनंतर कानाची पाळी बधिर राहिली का. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण ग्रेट ऑरिक्युलर नर्व्ह कापली गेली की पाळीला स्पर्श कळत नाही, कानातलं घालताना, दाढी करताना, फोन धरताना रोज जाणवतं. पुस्तकात या नर्व्हला अर्धी ओळ आहे, रुग्णाच्या दिवसात तिला बरीच जागा असते. असा प्रश्न विचारायला महागडं यंत्र लागत नाही. रुग्णाला आपल्या भाषेत विचारता आलं पाहिजे, बस.

तोपर्यंत एक छोटा सराव. या आठवड्यात पॅरोटिडची आकृती पुन्हा काढा, आणि खाली पेन्सिलने तीन गोष्टी लिहा: हे चित्र किती बाजूंत असं दिसलं, कोणी पाहिलं, कधी. पुस्तकात उत्तर सापडलं नाही तर लायब्ररीत जा. पुढच्या लेखात आपण डेव्हिस यांचा १९५६ चा पेपर घेऊन बसू, आणि त्या ३५० बाजूंनाही हेच प्रश्न विचारू.